पाच पेट्या कागद

पाच पेट्या, पेटीला तीन गिन्या, म्हणजे पंधरा. कोठडीचं कुलूप उघडण्याबद्दल एक आणि तोंड बंद ठेवण्याबद्दल एक. ही शेवटची कागद विकत घेणाऱ्या डॉक्टरांनी देऊ केली नव्हती, शहाताने ती मागून घेतली होती. एकूण सतरा. एवढ्यात त्याच्या मुलीचं, कमरचं, दुसरं लग्न होत होतं: पितळी पलंग, तांब्याची भांडी, दोन गाद्या आणि होणाऱ्या जावयाला, सदाकाला, रोख दहा. हिशेब इतका चोख बसत होता की शहाताला वाटलं, यात देवाचाच हात असणार. माणसाला फायदा दिसायला लागला की देवाचा हात लवकर दिसतो.

शहाता जुन्या कैरोतल्या एका लहानशा सिनेगॉगचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराचा, शम्माश होता. झाडलोट करायची, दिव्यांत तेल घालायचं, आणि प्रार्थनेला दहा पुरुष भरले नाहीत तर गल्लीतून दहावा ओढून आणायचा, हे त्याचं काम. पगार इतका, की विश्वस्तसुद्धा तो मोठ्याने सांगत नसत. पण त्याच्या हवाली एक कोठडी होती. बायकांच्या सज्ज्यामागे, बिनखिडकीची, भिंतीत उंचावर एक भोक असलेली. पवित्र अक्षरांचा कागद फाटला, विटला, निकामी झाला तरी जाळायचा नाही आणि उकिरड्यावर टाकायचा नाही. त्या भोकातून आत सोडायचा, आणि सवड झाली की माणसासारखी प्रार्थना म्हणून कबरस्तानात पुरायचा. सवड गेल्या सातशे वर्षांत झाली नव्हती. त्यात त्या गल्लीत खाटकाची चिठ्ठीसुद्धा 'देवाच्या साहाय्याने' अशीच सुरू व्हायची, त्यामुळे धर्मग्रंथ आणि खाटकाची उधारी एकाच मानाने आत जाऊन पडत.

मग थोरल्या सिनेगॉगच्या तसल्याच कोठडीतले कागद परदेशी विद्वानांनी पेट्याच्या पेट्या भरून नेल्याची बातमी आली, आणि शहाताला आपली कोठडी नव्याने दिसू लागली. मोठ्या हॉटेलाशेजारी पनायोती नावाच्या ग्रीकाचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. गिनीला शंभर पियास्तर; कागदाच्या पानाला पाच पियास्तर, कातड्याच्या पानाला दहा. शहाता एका वेळी चार पानं न्यायचा, फार तर पाच. हावरटपणा त्याला पसंत नव्हता. कोठडीत विंचू आहेत ही बातमी त्यानेच पसरवली होती. दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती ते विश्वस्त रफूल बे अंगाने जाड होते आणि विंचवाला भीत. अशी दोन वर्षं सुखाची गेली.

कमरची गेली नव्हती. तिचं लग्न अठराव्या वर्षी आस्लानशी झालं. विसाव्या वर्षी आस्लान शहामृगाची पिसं आणायला तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदराला गेला, आणि तिकडून ना पिसं आली ना तो. नवरा मेल्याची साक्ष नाही म्हणून ती विधवा नाही, आणि नवरा नाही म्हणून ती बायको नाही. अशा बाईला धर्मशास्त्रात अडकलेली म्हणतात. शास्त्राने निदान शब्द तरी नेमका शोधला आहे. चार वर्षं ती बापाच्या घरी बसून सदाकासाठी रेशमी गोंडे वळत होती. सदाका गोंडे-झालरीवाला, विधुर, दोन लहान मुलींचा बाप. तो गोंडे न्यायला आठवड्यातून एकदा यायचा. पुढे दोनदा यायला लागला. गोंडे तेवढेच होते.

वल्हांडण सणाच्या आदल्या महिन्यात एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या हस्ते पत्र आलं. सुआकिनला राहणाऱ्या, मूळ अदनच्या यहिया नावाच्या यहुदी सोनाराने लिहिलेलं. शहाताने ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आस्लान सुआकिनला तापाने गेला, मी त्याला माझ्या हातांनी स्नान घातलं आणि गावकुसाबाहेर वाळूत पुरला, असं त्यात होतं. शहाताची बायको झरीफा एका डोळ्याने रडली. दुसरा डोळा सदाकाच्या घराकडे होता.

"ताप किती दिवस होता?" कमरने विचारलं.

"आठ."

"पाणी द्यायला कुणी होतं?"

"हा यहिया होता की."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

हाखाम बखोर, म्हणजे तिथले धर्मगुरू, यांनी निरोप पाठवला: सणाच्या महिन्यात न्यायसभा बसत नाही, सण झाला की पत्र घेऊन या, एक साक्षीदार पुरे आहे. हरवू नये म्हणून शहाताने पत्र फळीवरच्या एका फाटक्या प्रार्थनापुस्तकात ठेवलं. त्याच संध्याकाळी सदाका गोंड्यांचं निमित्तसुद्धा न करता आला, आणि पलंग पितळीच हवा असं सांगून गेला.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टर टाइखनर आले. जर्मनीतल्या कुठल्याशा विद्यापीठातले, शहाताच्याच धर्माचे, हातात पांढरे मोजे घालणारे. पनायोतीकडे चार पानं बघून ते वास काढत गल्लीपर्यंत पोचले होते.

"इथे किती वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आजोबांच्या आजोबांपासून, डॉक्टरसाहेब. आत विंचू आहेत."

"आणि विश्वस्तांची हरकत?"

"विश्वस्तांची विंचवांना हरकत आहे. कागदांना नाही."

डॉक्टर हसले आणि पुढे काही विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर खरं उत्तर मिळण्याचा धोका होता, आणि डॉक्टर विद्वान होते. दिवा घेऊन ते शिडीने आत उतरले. बऱ्याच वेळाने वर आले तेव्हा मोजे काळे झाले होते. हातात कातड्याचं एक पान होतं.

"शहाता, हे नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी दिव्याखाली बसून लिहिलंय. आणि तुम्ही यावर खाटकाच्या चिठ्ठ्या टाकता!"

"चिठ्ठ्याही नीट टाकतो, साहेब."

"मला सगळं हवं. निवडून नाही. चांगलं-वाईट काय ते तिकडे बसून मी बघीन. पाच पेट्या होतील?"

"साडेपाच झाल्या तरी अर्धी मी तुम्हाला फुकट देईन," शहाता म्हणाला.

दुपारी एकटाच आत उतरून त्याने माप घेतलं. पेट्या तीन भरत होत्या. दोन वर्षांची चार-चार पानं मिळून कोठडी किती खाल्ली गेली होती ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण वल्हांडणाचा सण तोंडावर होता. सणाआधी घराघरांत खमिराचा एक कणही राहू नये म्हणून फळ्या, पेटारे, कोनाडे सगळं रिकामं होतं, आणि त्यात निघालेले जुने कागद पोत्यात भरून शम्माशकडे पोचवले जातात. एरवी बायका ती पोती दारात आणून आदळायच्या. त्या वर्षी शहाता स्वतः दारोदार गेला.

"काय रे, यंदा घरपोच सेवा?" पिठाच्या गिरणीवाली उम्म फराग म्हणाली. "पगार वाढला की अक्कल?"

"तुमचे गुडघे दुखतात, म्हटलं आपणच जावं."

"माझे गुडघे दुखतात ते तुला चाळीस वर्षांनी कळलं होय? घेऊन जा. आणि त्यात माझ्या सासऱ्याची पत्रं आहेत, वाचत बसू नकोस. म्हातारा फार शिव्या द्यायचा."

घरी परतला तर झरीफाचंही पोतं दाराशी तयार होतं. तेही त्याने खांद्यावर टाकलं. मग सिनेगॉगच्या गच्चीवर सगळी पोती उपडी करून त्यांवर कॉफीचं गाळ-पाणी शिंपडलं, कोठडीतली धूळ चाळून टाकली, आणि अनवाणी पायांनी ते तुडवलं. याचं त्याला कौतुक वाटत होतं. सकाळची शाळेची वही जेवणवेळेपर्यंत दोनशे वर्षांची होत होती. कागदांकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं तर हात थांबतो, आणि दोन पेट्या भरायच्या होत्या.

सणाच्या दोन दिवस आधी पेट्यांना खिळे ठोकले. डॉक्टरांनी सतरा गिन्या मोजल्या आणि शहाताचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही आपल्या लोकांवर उपकार केलेत. हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

हे मात्र त्यांचं खरं निघालं.

सण संपला. न्यायसभेच्या सकाळी शहाताने फळीकडे हात नेला. फळी पुसून लख्ख होती.

"इथलं पुस्तक कुठाय?"

"कुठलं?" झरीफा म्हणाली.

"फाटकं. प्रार्थनेचं."

"ते होय? पोत्यात घातलं. अहो, असं फाटकं पुस्तक सणाला घरात ठेवतात का? शम्माशचं घर म्हणून लोक हसतात." मग नवऱ्याचा चेहरा पाहून ती खाटेवर टेकली. "काय होतं त्यात? मला अक्षर येत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना? सांगायचं नाहीत?"

आपल्याच पायांनी आपण काय तुडवलं ते शहाताच्या ध्यानात येत होतं.

"बाबा," कमर दारातून म्हणाली, "पत्र पेटीत गेलं का?"

"हाखामला सांगू, उंदरांनी खाल्लं म्हणून."

"आणि चालेल?"

"चालवू."

आणि चाललं. हाखाम बखोर ऐंशीच्या घरातले, एका कानाने बहिरे, आणि अडकलेल्या बाईला मोकळं करायला निमित्त शोधणारे. उंदरांवर त्यांनी फार वेळ घालवला नाही.

"पत्र तू वाचलंस ना?"

"शब्दन् शब्द, हाखाम. सगळ्यांना वाचून दाखवलं."

"मग झालं. तूच साक्षीदार. या कामात ऐकीव साक्ष चालते, एकट्याची चालते, सोयऱ्याचीही चालते. बाईसाठी शास्त्राने सगळी दारं उघडी ठेवलीत. लिहून घे रे."

इतकं सोपं असेल असं शहाताला वाटलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. नुसता त्याचा शब्द! कागदाची गरजच नव्हती. कारकुनाने टाक बुडवला. शहाताने आठ दिवसांचा ताप सांगितला, स्नान सांगितलं, वाळू सांगितली. दाराशी बायकांत कमर उभी होती. रस्त्यापलीकडे सदाका दोन्ही मुलींना नवे कपडे घालून उगाचच उभा होता.

तेवढ्यात रफूल बे आत आले. हातात पोतं, कपाळावर घाम. त्यांची आई सणाआधी वारली होती. तिची प्रार्थनापुस्तकं ते त्या सकाळी कोठडीत सोडायला गेले होते, आणि आईसाठी म्हणून भोकातून न टाकता दार उघडून हाताने ठेवायला गेले होते.

"थांबा, हाखाम. मी कोठडीतून येतोय. तिथे आता लग्नाची पंगत बसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे रिकामी. झाडलेली. सातशे वर्षं गेली, फक्त झाडू राहिलाय."

"आणि विंचू?" मागून कुणीतरी विचारलं.

"तेही विकले असतील. विचारा याला."

शहाताने आधी नाही म्हटलं. मग गाडीवाल्याचं नाव निघालं, मग स्टेशनवरच्या हमालाचं, आणि मग त्याने हो म्हटलं. हाखामनी चांगला कान त्याच्याकडे वळवला आणि कबुली शेवटपर्यंत ऐकली. कारकुनाने न सांगता टाक खाली ठेवला. देवाच्या घरात चोरी करणाऱ्याची साक्ष घेत नाहीत, हे त्या खोलीत लहान पोरालाही ठाऊक होतं.

"मीही ऐकलंय, हाखाम!" झरीफा दारातून ओरडली. "पत्र मी ऐकलंय! माझ्या या कानांनी!"

"कुणाच्या तोंडून?"

झरीफाने नवऱ्याकडे बोट केलं, आणि ते बोट हवेतच राहिलं.

हाखाम पुढे वाकले. मग हलकेच म्हणाले, "शहाता, घाई करू नकोस. नीट विचार करून सांग. हे कागद विकायचं तुझ्या मनात पत्र आल्यानंतर आलं ना? तो डॉक्टर आला, आणि मग?"

म्हाताऱ्याने दार बोटभर उघडलं होतं. पत्र वाचलं त्या दिवशी शहाता जर अजून चोर नव्हता, तर झरीफाने एका सज्जन माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तिचा शब्द धरता येत होता. एक 'हो' पुरे होता. 'हो' म्हण, असं हाखामना सांगता येत नव्हतं. साक्षीदाराला पढवायचं नाही, हेही शास्त्रच. कमरला ते उमगलं असावं. ती एक पाऊल पुढे आली.

पण शहाता रफूल बेंच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. सगळी कोठडी एकदम लुटणारा म्हणजे दरोडेखोर, त्याला तुरुंग. गरजेपुरतं थोडं थोडं नेणारा म्हणजे गरीब, त्याला शिव्या. शिव्या स्वस्त.

"नाही नाही, हाखाम!" तो हात जोडून म्हणाला. "एकदम नाही केलं! देवाशपथ नाही! दोन वर्षं झाली. चार-चार पानं. पाचावर कधी गेलो नाही. विचारा पनायोतीला!"

हाखामनी डोळे मिटले.

"मुलीला घरी न्या," ते म्हणाले.

त्यानंतर जे करायचं ते सगळं केलं गेलं. पेट्या अडवायला अलेक्झांड्रियाच्या बंदराला तार केली. जहाज मंगळवारीच सुटलं होतं. सुआकिनला पत्र गेलं. चार महिन्यांनी उत्तर आलं की यहिया सोनार अदनला निघाला होता आणि त्याचं गलबत पोचलं नाही. शेवटी हाखामनी स्वतःच्या हाताने डॉक्टर टाइखनरना लिहिलं: तुमच्या पेट्यांत एका बाईचं आयुष्य आहे, अमुक नाव, अमुक गाव, शोधून पाठवा.

उत्तर दुसऱ्या हिवाळ्यात आलं. कारकुनाने ते न्यायसभेच्या खोलीत वाचलं. डॉक्टरांचं अक्षर सुरेख होतं. पहिल्या तीन पेट्यांतून अशी रत्नं निघाली की विद्यापीठाने त्यांना स्वतंत्र खोली आणि दोन मदतनीस दिले होते. उरलेल्या दोन मात्र, लिहिताना खेद होतो, अलीकडच्या कचऱ्याने भरलेल्या होत्या, आणि तो कचरा कुणीतरी मुद्दाम मळवलेला होता. इतका कसबाने, की एकेक कागद धुतल्याशिवाय वाचता येऊ नये. ते काम कुणाला देणं शक्य नव्हतं. पण डॉक्टर धार्मिक वृत्तीचे होते. ते कागद त्यांनी बंबात घालू दिले नाहीत. हाखामांचं पत्र पोचण्याच्या आठ दिवस आधी, भर पावसात, दोन्ही पेट्या तिथल्या यहुदी कबरस्तानात रीतसर पुरल्या होत्या. एकाही कागदाचा अवमान झालेला नाही, याबद्दल निश्चिंत असावे. पत्राला मात्र आता उपाय नव्हता. ओल्या मातीत कागद महिनाभरसुद्धा टिकत नाही.

"प्रार्थना म्हटली का पुरताना?" कमरने विचारलं.

कारकुनाने ओळ शोधली. "म्हटली. दहा जण जमवले होते, असं लिहिलंय."

"आस्लानच्या वेळी एकटा यहिया होता," कमर म्हणाली. "एकट्याने ती प्रार्थना म्हणता येत नाही."

त्याच महिन्यात सदाका आला. बसला नाही.

"कमर, मुलींना आई हवी."

"हवीच."

"मी थांबलो असतो."

"थांबलात की. दोन वर्षं होत आली. कोण थांबतं इतकं?"

"मुलगी तांटा गावची आहे. सतरा वर्षांची. गरीब घरची."

"गोंड्याची गाठ येते तिला?"

"नाही."

"मग पाठवा माझ्याकडे. शिकवीन. उलटी गाठ बसली की रेशीम वाया जातं."

ती मुलगी खरंच आली, दीड महिना शिकली, आणि चांगली शिकली. त्यानंतर सदाकाला बाहेरून गोंडे घ्यायची गरज राहिली नाही.

आता कुणाचं किती झालं ते बघू. डॉक्टर टाइखनरांचे दोन जाडजूड खंड निघाले. प्रस्तावनेत 'तेथील एका प्रामाणिक सेवकाचे' आभार आहेत. पनायोतीने पाच पियास्तरची पानं पन्नासाला विकली आणि दुकान वाढवलं. रफूल बेंनी कोठडीला नवं कुलूप लावलं, अकरा पियास्तर, खर्च सिनेगॉगच्या खाती. हाखाम बखोर त्या 'ना?' बद्दल मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिले, कधी वाटे जास्त विचारलं, कधी वाटे कमी. शहाताची नोकरी गेली. सतरा गिन्यांतल्या सहा तारा-पत्रांत गेल्या, नऊ विश्वस्तांनी परत घेतल्या, आणि दोन त्याने कुठे घालवल्या ते त्याने सांगितलं नाही. पुढे तो चौकात खारवलेले दाणे विकत बसायचा, आणि कुणी काही विचारलं की शपथ घ्यायचा. त्या चौकात त्याच्या शपथेला गिऱ्हाईक नव्हतं. सहा वर्षांनी तो गेला.

या सगळ्यांचं मिळून जे देणं झालं त्यात काही पियास्तर, एक नोकरी, एका म्हाताऱ्याची झोप, एवढंच भरतं. बाकीचं कमरने भरलं. पत्र तुडवलं गेलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, आणि गेली तेव्हा एकाहत्तर. कबरस्तानाच्या कारकुनाने वही उघडून विचारलं, विधवा लिहू की काय, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं: विवाहित.